नाण्यावरचा चेहरा आणि लेख

नाणे कसे वाचावे याचा पहिला धडा आपणां ख्रिस्ती वाचकांना पुराणवस्तुशास्त्राच्या ग्रंथात नव्हे, तर शुभवर्तमानात मिळतो. परुशी आणि हेरोदी ही एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारी माणसे जेरुसलेममध्ये एकत्र येतात आणि प्रभू येशूला पेचात टाकू पाहतात. रोमच्या कैसराला कर द्यावा की देऊ नये, हा त्यांचा प्रश्न. द्यावा म्हटले तर रोमच्या जोखडाखाली पिचलेली प्रजा दुरावणार. देऊ नये म्हटले तर राजद्रोहाचा आरोप आयताच हाती येणार. प्रभू त्यांना लगेच उत्तर देत नाही. कराचे नाणे मला दाखवा, असे तो सांगतो. आणि नाणे समोर आल्यावर त्यावरची प्रतिमा कोणाची व त्यावरचा लेख कोणाचा, असे विचारतो. मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनीही हा प्रसंग नोंदवला आहे आणि तिघांच्याही कथनात नाणे पाहणे आधी येते, उत्तर मागाहून.

प्रभूचे ते उत्तर आपण प्रवचनांतून पुष्कळदा ऐकतो. प्रश्नाकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. वास्तविक प्रतिमा कोणाची आणि लेख कोणाचा, हे दोन प्रश्न म्हणजेच नाणकशास्त्राचा पाया आहे. जगातील कोणत्याही वस्तुसंग्रहालयातला नाणेतज्ज्ञ नवे नाणे हाती येताच हेच विचारतो. त्यातून तिसरा प्रश्न आपोआप निघतो : हा चेहरा आणि हा लेख आपल्याकडून नेमके काय मागत आहेत? या लेखात आम्ही ते तीन प्रश्न घेऊन एका रोमन नाण्याकडे आणि त्या निमित्ताने आपल्या महाराष्ट्राच्या मातीकडे पाहणार आहोत.

सरावासाठी रोमला जाण्याचे कारण नाही. पुण्याच्या स्वारगेट बसस्थानकावर एस.टी.च्या वाहकाने तिकिटाबरोबर परत केलेला एक रुपया त्यासाठी पुरेसा आहे. हल्ली भ्रमणध्वनीवरून पैसे चुकते करण्याची रीत पडली असली, तरी नाणे अजून हद्दपार झालेले नाही. रुपयाच्या एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष आहे आणि त्याखाली ‘सत्यमेव जयते’ हे वचन. दोन बाजूंना देशाचे नाव दोन लिप्यांत. उलट बाजूस किंमत आणि साल. सालाच्या खाली बारीक नजरेने पाहिले तर कधी हिऱ्याच्या आकाराची, कधी पाच टोकांच्या चांदणीची, तर कधी नुसत्या ठिपक्याची खूण दिसते. हिरा मुंबईच्या टाकसाळीचा, चांदणी हैदराबादची, ठिपका नोएडाचा. काहीच खूण नसेल तर नाणे कोलकात्याचे. म्हणजे प्रतिमा, लेख, मूल्य, काळ आणि टाकसाळ, एवढा मजकूर अंगठ्याच्या पेराएवढ्या जागेत बसलेला आहे.

याच रुपयाची दोन जुनी भावंडे शेजारी ठेवून पाहावीत. १९४७ साल कोरलेल्या रुपयावर सहाव्या जॉर्जचा मुकुटधारी चेहरा आहे. १९५० साल कोरलेल्या रुपयावर सिंहशीर्ष आले आहे. अवघ्या तीन वर्षांत चेहरा गेला आणि सिंह आले. एक साम्राज्य संपून प्रजासत्ताक उभे राहिल्याची बातमी शाळेचे पुस्तक कधीही न उघडलेल्या माणसाच्याही मुठीत या नाण्याने पोहोचवली. छापखाना नव्हता, वृत्तपत्रे नव्हती, त्या काळात राजाची वार्ता साम्राज्याच्या शेवटच्या खेड्यापर्यंत नेणारे दुसरे इतके चपळ साधन नव्हते. रोमच्या बादशहांना ही गोष्ट चांगली ठाऊक होती.

आता प्रभूपुढे आणलेल्या नाण्याकडे वळू. शुभवर्तमानातील या प्रसंगात कैसराचे नाव दिलेले नाही. तथापि प्रभूच्या सेवाकार्याच्या काळात रोमच्या गादीवर तिबेरियस होता (इ. स. १४ ते ३७) आणि त्याच्या कारकिर्दीत चांदीच्या दिनाराचा एकच नमुना फार मोठ्या प्रमाणावर पाडला गेला. म्हणून ‘कराचे नाणे’ म्हटले की अभ्यासकांच्या डोळ्यांपुढे बहुधा हाच दिनार येतो. त्याचे वजन पावणेचार ग्रॅमच्या आसपास. व्यास सुमारे दीड ते दोन सेंटिमीटर. ठशांच्या दोन तोंडांमध्ये चांदीची चकती ठेवून वरून हातोड्याचा घाव घालीत आणि नाणे पाडीत. त्यामुळे चित्र अनेकदा एका अंगाला सरकलेले आढळते व कडेची काही अक्षरे चकतीबाहेर राहून गेलेली असतात. अशी नाणी वाचताना एका नाण्यावर गळलेले अक्षर दुसऱ्या नाण्यावरून भरून घ्यावे लागते.

दर्शनी बाजूवर तिबेरियसचे मस्तक आहे. डोक्यावर पानांची माळ. ही विजयमाला. मस्तकाभोवती कडेने लॅटिन अक्षरे फिरतात. शब्दांमध्ये नीटसे अंतर नाही आणि बहुतेक शब्द तोडून लिहिलेले आहेत. नवख्याला ही अक्षरमाळ पाहून धडकी भरते. परंतु मराठी माणसाला तरी तिचे नवल वाटू नये. लग्नपत्रिकेवरचे ‘चि. सौ. कां.’ किंवा जुन्या पत्रांतले ‘रा. रा.’ आपण न अडखळता वाचतो, कारण कोणता शब्द कोठे तोडतात हा संकेत आपल्याला पाठ आहे. रोमन नाण्यांचेही तसेच. जागा थोडी आणि बिरुदे फार, म्हणून संकेत ठरून गेले. आपल्या पद्धतीने लिहायचे तर तो लेख असा होईल : ‘ति. कैसर दिवी औग. फ. औगुस्तुस’. यातील ‘ति.’ म्हणजे तिबेरियस. ‘दिवी औग.’ म्हणजे दिव्य, अर्थात देवपदाला पोहोचलेल्या, ऑगस्टसचा. एकाकी उभे असलेले ‘फ.’ म्हणजे फिलियस, पुत्र. सगळा अर्थ असा : देवपदाला पोहोचलेल्या ऑगस्टसचा पुत्र, तिबेरियस कैसर ऑगस्टस.

ऑगस्टस इ. स. १४ मध्ये वारला आणि त्याच वर्षी रोमच्या सेनेटने त्याची गणना देवांत केली. तिबेरियस हा त्याचा पोटचा मुलगा नव्हे; ऑगस्टसची पत्नी लिव्हिया हिला पहिल्या लग्नापासून झालेला हा मुलगा ऑगस्टसने इ. स. ४ मध्ये दत्तक घेतला होता. दत्तक पुत्राला आपल्या हक्काची कागदपत्रे अधिक जपून ठेवावी लागतात. या नाण्यावरचे ‘पुत्र’ हे एकाक्षरी संक्षिप्त रूप म्हणजे तसलाच एक दस्तऐवज होय.

मागील बाजूवर आसनावर बसलेली एक स्त्री आहे. एका हातात उंच राजदंड, दुसऱ्या हातात डहाळी. ही शांतिदेवता असावी असे काही अभ्यासक म्हणतात. तिच्या रूपात राजमाता लिव्हिया बसवली आहे असे दुसरे म्हणतात. दोन्ही अर्थ एकाच वेळी सुचावेत अशीच टाकसाळीची योजना असणे अशक्य नाही. तिच्या दोन बाजूंना दोन तोडलेले शब्द आहेत : ‘पोंतिफ. माक्सिम.’ म्हणजे पोंतिफेक्स माक्सिमुस, रोमच्या राजधर्माचा मुख्य पुरोहित. कॅथलिक वाचक येथे थबकेल, कारण हीच पदवी पुढे शतकांनंतर पोपमहोदयांच्या नावापुढे आली आणि पोपच्या राज्याच्या नाण्यांवर ‘पोंत. माक्स.’ अशी तोडून लिहिली गेली. शब्द तेच राहिले, अर्थ बदलला. याच संदर्भात एक अलीकडची घटना नोंदवण्यासारखी आहे. २०१७ पासून व्हॅटिकनच्या युरो नाण्यांवर पोप फ्रान्सिस यांच्या चेहऱ्याऐवजी त्यांचे मानचिन्ह आले. नाण्यावरून स्वतःचा चेहरा हयातीतच दूर होणे, ही गोष्ट कैसरांच्या इतिहासात शोधून सापडणार नाही.

आता या दोन बाजू एकत्र वाचू. एक बाजू म्हणते, माझा पिता देव आहे. दुसरी बाजू म्हणते, मी मुख्य पुरोहित आहे. आणि हे नाणे ज्या नगरीत दाखवले गेले, तेथे एकाच परमेश्वराची उपासना होत होती आणि त्याचा स्वतःचा मुख्य याजक होता. कराची रक्कम हा वादाचा केवळ वरवरचा भाग होता. इ. स. ६ मध्ये यहूदिया प्रांत थेट रोमच्या अंमलाखाली आला आणि करासाठी शिरगणती झाली, तेव्हा गालीली यहूदाने बंड पुकारले होते. ती आठवण अजून ताजी होती. म्हणून प्रभूने लेखाकडे बोट दाखवले, तेव्हा तो केवळ चांदीच्या मालकीविषयी बोलत नव्हता. कैसराचे जे असेल ते कैसराला परत करा, असे म्हणताना आणि देवाचे देवाला द्या, अशी जोड देताना त्याने नाण्यावरचा दावा उघड केला आणि त्याची मर्यादाही आखून दिली. चांदी कैसराची असू शकेल. नाण्यावर कोरलेले देवपण मात्र त्याचे नव्हते.

हाच दिनार समुद्र ओलांडून आपल्या देशात आला. पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासनोंदीत भडोच बंदरात आयात होणाऱ्या मालाची यादी आहे. तीत रोमन सोन्याची आणि चांदीची नाणी आहेत, आणि स्थानिक नाण्यांशी त्यांचा विनिमय करताना नफा होतो अशी पुस्तीही आहे. त्याच शतकातल्या प्लिनीची तक्रार प्रसिद्ध आहे. हिंदुस्थान दरवर्षी रोमच्या साम्राज्यातून निदान पाच कोटी सेस्तर्स ओढून नेतो, असे तो लिहितो. चार सेस्तर्सचा एक दिनार, या हिशेबाने हे सव्वा कोटी दिनार झाले. द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दाखल्यात दिवसाची मजुरी एक दिनार ठरली होती, हे आठवले म्हणजे या आकड्याचे वजन लक्षात येते. प्लिनीचा आकडा ही काही कोषागाराची वही नव्हे, असे इतिहासकार बजावतात. परंतु पैसा पूर्वेकडे वाहत होता, याबद्दल दुमत नाही. खुद्द तिबेरियसने रत्नांच्या हौसेपायी आपला पैसा परक्या लोकांकडे जातो, अशी खंत सेनेटला कळवल्याचे टॅसिटसने नमूद केले आहे. ज्याच्या चेहऱ्याची नाणी हिंदुस्थानात येत होती, तोच ती जाताना पाहून हळहळत होता!

भारतात सापडलेल्या रोमन दिनारांचे मोठे साठे तामिळनाडूत कोइम्बतूरच्या बाजूस आणि आंध्र–तेलंगणात मिळाले आहेत. त्यांत दोनच नमुन्यांचा भरणा आहे : एक ऑगस्टसचा आणि दुसरा आपण आताच वाचलेला तिबेरियसचा. याचे कारण येथल्या व्यापाऱ्यांच्या चोखंदळपणात शोधावे लागते. इ. स. ६४ च्या सुमारास नीरो बादशहाने दिनाराचे वजन घटवले आणि चांदीतही भेसळ वाढवली. आमच्या व्यापाऱ्याला लॅटिन वाचता येत नसेल. पण तराजू आणि कसोटीचा दगड त्याच्यापाशी होता. बादशहाचे नाव न वाचताही त्याने कोणता बादशहा खरा आणि कोणता खोटा, हे अचूक ओळखले. जुनी खणखणीत नाणी त्याने राखली.

चेहऱ्याचे काय झाले? १८९८ मध्ये पुदुक्कोट्टई संस्थानात ५०१ रोमन सुवर्णनाणी सापडली. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर बादशहाच्या चेहऱ्यावर आडवा छिन्नीचा घाव घातलेला आहे. हा घाव का घातला, याविषयी निरनिराळी मते आहेत : कोणी म्हणतात नाणे चलनातून बाद करण्यासाठी, कोणी म्हणतात आतले सोने तपासण्यासाठी. कारण काहीही असो. रोममध्ये ज्या चेहऱ्याची विटंबना जिवावर बेतू शकत होती, त्यावर येथे कोणीतरी निवांतपणे छिन्नी ठेवली. अन्य काही सुवर्णनाण्यांना दोरा ओवण्यासाठी भोके पाडलेली आहेत. येथे ती दागिने झाली. आपल्याकडे उरला तो शब्द. डेनारियस या लॅटिन नावाचे ‘दीनार’ झाले आणि गुप्तकाळातील शिलालेखांत ते सोन्याच्या नाण्याचे नाव म्हणून रूढ झालेले दिसते.

आपल्या महाराष्ट्रात या व्यापाराच्या खुणा कोठे पाहाव्यात? पुण्याच्या स्वारगेटला जेधे चौकापाशी उभे राहिले तर दोन वाटा फुटतात. एक सातारा रस्त्याने कोल्हापूरकडे, दुसरी शंकरशेट रस्त्याने हडपसरवरून सोलापूरकडे. दोन्ही वाटांच्या शेवटी रोमची चाहूल लागते.

कोल्हापूरला पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. तेथे विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात कांस्याच्या वस्तूंचा एक साठा मिळाला. त्यात समुद्रदेव पोसायडनची लहानशी, वीतभरही नसलेली मूर्ती होती. पुढे १९४५–४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. तो पोसायडन कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयाचे भूषण आहे.

सोलापूरच्या वाटेने टेंभुर्णी, कुर्डुवाडी, बार्शी करीत पुढे गेले की धाराशिव जिल्ह्यातले तेर लागते. संत गोरोबाकाकांचे हे गाव म्हणजेच ‘पेरिप्लस’मधील तगर. पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठे नगर असून तेथून कापड आणि मलमल भडोचला येते, असे तो ग्रीक व्यापारी सांगतो. तेरच्या जमिनीत सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि इटलीत ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात १९३८ मध्ये मिळालेली हस्तिदंती मूर्ती यांतील साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय पाहिल्यावाचून दख्खनचा प्राचीन व्यापार समजणे कठीण. खुद्द सोलापूर जिल्ह्यात दारफळ येथे रोमन सुवर्णनाणी मिळाल्याची एकोणिसाव्या शतकातील नोंद आहे, त्यांत सेप्टिमियस सेव्हेरस (इ. स. १९३ ते २११) या बादशहाचीही नाणी होती.

याहून मौजेची वस्तू तेलंगणातील कोंडापूर आणि दख्खनमधील इतर काही स्थळी मिळाली. ही भाजक्या मातीची पदके आहेत. खऱ्या रोमन नाण्याचा ठसा ओल्या मातीवर घेऊन ती घडवलेली असून गळ्यात घालण्यासाठी वरच्या अंगाला भोक ठेवले आहे. त्यांतील काहींवर तिबेरियसचाच चेहरा आहे. ज्याला सोने परवडत नव्हते, अशा कोणा बाईमाणसाने मातीचा कैसर गळ्यात घातला. जेरुसलेममध्ये ज्या चेहऱ्याने माणसांच्या विवेकबुद्धीला कोडे घातले, तोच चेहरा दख्खनच्या बाजारात एक नाजूक नक्षी होऊन बसला. कैसराचा दावा त्याच्या सैन्याबरोबर सीमेपर्यंत आला आणि तेथेच थांबला. पुढे आली ती फक्त चांदी आणि चित्र.

तथापि आमच्या पूर्वजांना नाण्यावरचा चेहरा राजकीय अर्थाने वाचताच येत नव्हता, असे मात्र नव्हे. नाशिकजवळ जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. नाणी सुमारे १३,२५०. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही नाणी क्षहरात वंशातील राजा नहपान याची. एका बाजूला रोमन–ग्रीक धाटणीचा राजाचा चेहरा आणि त्याभोवती ग्रीक अक्षरे; परंतु ती अक्षरे वाचू गेले तर भाषा ग्रीक निघत नाही, ‘राजा क्षहरात नहपान याचे’ अशा अर्थाचे प्राकृत शब्दच ग्रीक लिपीत उतरवलेले आहेत. मागील बाजूस तोच मजकूर ब्राह्मी आणि खरोष्ठी लिप्यांत. एका लहानशा नाण्यावर तीन लिप्या. किती प्रकारच्या लोकांपर्यंत पोहोचायचे होते, याचा यावरून अंदाज येतो.

या साठ्यातील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसऱ्यांदा ठसा मारलेला आहे. कमानींचा डोंगर आणि उज्जैन चिन्ह या सातवाहनांच्या खुणा त्यावर उमटल्या असून नाव आहे गौतमीपुत्र सातकर्णीचे. नहपानाचा पराभव करून गौतमीपुत्राने त्याचीच नाणी आपल्या शिक्क्याखाली पुन्हा चालू केली. कित्येक नाण्यांवर जुन्या राजाचे नाक किंवा डोळा नव्या ठशाखालून अजून डोकावतो. प्रतिमा कोणाची आणि लेख कोणाचा, या प्रश्नाला येथे दोन उत्तरे मिळतात, एकावर एक ठोकलेली. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा दानलेख आहे. त्यात पस्तीस कार्षापणांना एक सुवर्ण, असा विनिमयाचा दरही कोरला आहे. भिक्षूंसाठी ठेवी ठेवणारा हा दानशूर जावई आणि त्याच्या सासऱ्याच्या चेहऱ्यावर पडलेला शत्रूचा घाव, हे दोन्ही पुरावे आपल्याच मुलखात, एकमेकांपासून थोड्याच अंतरावर आहेत.

नाण्याची साक्ष कोठपर्यंत घ्यावी, हेही सांगितले पाहिजे. संत थोमाची कृत्ये या प्राचीन ग्रंथात प्रेषित थोमा हिंदुस्थानच्या गुंदाफर राजाच्या दरबारी आला, अशी कथा आहे. या नावाचा राजा कोणत्याही इतिहासात आढळत नसल्यामुळे ती निव्वळ कल्पित मानली जाई. एकोणिसाव्या शतकात अफगाणिस्तान आणि पंजाब भागांत गोंडोफरेस नावाच्या राजाची नाणी उजेडात आली आणि तख्त-ए-बाहीच्या शिलालेखाने त्याचा काळ पहिल्या शतकाच्या पूर्वार्धात ठरवण्यास आधार दिला. राजा खरा निघाला. परंतु नाणे राजाची साक्ष देते, प्रेषिताच्या आगमनाची नव्हे. श्रद्धेच्या उत्साहात या दोन गोष्टी एक करून टाकण्याचा मोह आपल्या लेखनातून अनेकदा डोकावतो. नाणे जेवढे बोलते तेवढेच ऐकावे. अधिक बोलायला लावू नये.

शेवटी आपल्या घरातले एक उदाहरण. महाराष्ट्रातील पुष्कळ कुटुंबांत, हिंदूंच्या तशा ख्रिस्ती कुटुंबांतही, आजीच्या काळची पुतळ्यांची माळ असते. ही पुतळी म्हणजे मुळात इटलीतील व्हेनिस नगरराज्याचे डुकाट नावाचे सोन्याचे नाणे. मराठेशाहीच्या कागदपत्रांत पुतळी हे नाव सोन्याच्या नाण्यांच्या यादीत येते. मूळ डुकाटच्या एका बाजूस व्हेनिसचा राज्यप्रमुख गुडघे टेकून संत मार्ककडून ध्वज स्वीकारीत आहे. दुसऱ्या बाजूस लंबगोलात तारकांच्या मध्ये आशीर्वाद देणारा ख्रिस्त उभा आहे आणि कडेने लॅटिन लेख आहे. त्याचा आशय असा की, हे ख्रिस्ता, तू ज्यावर सत्ता चालवतोस ते हे राज्य तुलाच अर्पण असो. तिबेरियसच्या दिनारावर राजा देवपुत्र होऊन बसला होता. डुकाटवर राज्यप्रमुख गुडघ्यांवर आला आहे. आपल्या सोनारांनी या नाण्याच्या नकला पिढ्यान्‌पिढ्या घडवल्या. त्यांत अक्षरांच्या झाल्या रेघा, आणि ख्रिस्ताची झाली नुसती एक बाहुली, म्हणजे पुतळी. आपल्या आज्या आयुष्यभर गळ्यात ख्रिस्त वागवीत होत्या आणि कित्येकींना त्याचा पत्ताही नव्हता.

अशी माळ आता नव्या घडणावळीसाठी सोनाराकडे जाते आणि मुशीत वितळते. सोने परत मिळते, लेख मिळत नाही. माळ मोडायची वेळ आलीच तर आधी एकेक पुतळी भिंगाखाली धरावी, दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, वजन लिहून ठेवावे आणि ती घरात कोणाकडून आली हे वडीलधाऱ्यांना विचारून त्याच कागदावर नोंदवावे. जुने नाणे चिंच लावून किंवा राखेने घासून लख्ख करू नये; त्या घासण्यात अक्षरे जातात. शेतात नांगराला नाण्यांचे मडके लागले तर ते वाटून घेण्याचा मोह टाळून जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास तशी वर्दी देण्याचे बंधन १८७८ च्या कायद्याने घातलेले आहे. जोगलटेंभीचा साठा मुशीत गेला असता, तर नहपान आणि गौतमीपुत्र यांच्या झगड्याचा हा सर्वांत बोलका पुरावा आपल्याला कधीच मिळाला नसता.

दुसऱ्या–तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक तर्तुलियन याने प्रभूच्या त्या प्रसंगावर भाष्य करताना प्रतिमा या शब्दाचा धागा पकडला आहे. त्याचे म्हणणे असे की, कैसराची प्रतिमा नाण्यावर आहे म्हणून नाणे कैसराला द्यावे. देवाची प्रतिमा माणसावर आहे म्हणून माणसाने स्वतःला देवाला द्यावे. उत्पत्तीच्या पुस्तकात माणूस देवाच्या प्रतिरूपात घडवला गेला, असे सांगितले आहेच. या भाष्याच्या प्रकाशात पाहिले तर नाणे वाचण्याची विद्या केवळ संग्राहकांची हौस राहत नाही. प्रत्येक काळातला कैसर आपला चेहरा आणि आपला लेख आपल्या हातात ठेवीत असतो. कधी नाण्यावर, कधी नोटेवर, कधी रस्त्याच्या कडेच्या फलकावर. त्याला कर द्यावा लागेल तेथे तो जरूर द्यावा. परंतु देण्यापूर्वी नाणे उजेडात धरून त्याच्या दोन्ही बाजू वाचाव्यात, आणि त्यातले किती त्याचे आहे व किती त्याचे नाही, हे आपल्या मुलांनाही वाचायला शिकवावे.